माझ्याकडची वाकलेली बाई

या अंकाच्या संपादकांचा फोन आला. पुस्तकाच्या मुखपृष्ठानं आणि टीव्हीवरच्या कार्यक्रमाआधी जे फिरतं-उडतं दाखवतात त्यानं खरंच काही फरक पडतो का, यावर लिहा म्हणाले. मी म्हटलं, ज्याचं पोट त्याच्यावर चाललं त्यालाच विचारून राहिले, तो काय नाही म्हणणार? ते म्हणाले, म्हणूनच तुम्हाला विचारलं. मी आठ दिवस विचार केला. उत्तर काही सापडलं नाही. म्हणून जे घडलं ते लिहितो.

सौंसरमध्ये मला मधू पेंटर म्हणतात. आता मी पेंट करत नाही. दुकानांच्या पाट्या, गाड्यांचे नंबर, भिंतीवरच्या बियाण्यांच्या जाहिराती, हे सगळं मी केलं. मग फ्लेक्स आलं आणि एका उन्हाळ्यात माझे सगळे ब्रश वाळून गेले. चाळिशी उलटल्यावर कॉम्प्युटर शिकलो आणि बस स्टँडच्या मागं एका खोलीत बसून पुस्तकांची मुखपृष्ठं करायला लागलो.

बाहेरचे लोक विचारतात, सौंसरमध्ये पुस्तकं कोण लिहितं? त्यांना सांगतो, आमचा प्रदेश मध्यप्रदेश. कचेरी हिंदीत चालते, पाट्या हिंदीत, शाळाही आता बहुतेक हिंदीतच. घरात मराठी. दिवसभर दुसऱ्या भाषेत बोलून आलेला माणूस घरी आला की त्याला काहीतरी सांगायचं राहिलेलं असतं. ते तो लिहून काढतो. त्यामुळे सौंसर आणि पांढुर्णा मिळून जितके कवी आहेत, तितके संत्र्याचे व्यापारीही नसतील.

कामाची माहिती थोडक्यात देतो. पुस्तकाला पुढची बाजू असते, मागची बाजू असते आणि मधे कणा असतो. कण्यावर नाव छापतात, म्हणजे कपाटात उभं ठेवलं तरी पुस्तक ओळखू येतं. आमच्या भागातल्या बहुतेक पुस्तकांना कणा नसतो. चौसष्ट पानं असतात, मधे दोन पिना मारलेल्या. हे मी फक्त छपाईबद्दल सांगून राहिलो.

लेखक समोर बसला की त्याला वाटतं, आत जे-जे आहे ते सगळं वर आलं पाहिजे. पांढुर्ण्याचे एक निवृत्त हेडमास्तर होते. त्यांच्या कवितासंग्रहावर त्यांना उगवता सूर्य, पणती, मोर, शाळेची घंटा, हिमालय आणि त्यांची स्वर्गवासी पत्नी एवढं पाहिजे होतं. मी म्हटलं, गुरुजी, यातलं काही काढू या. ते म्हणाले, काय काढू ते तुम्हीच सांगा. आता मी कोणाला काढणार? मी सगळं बसवलं. बाई मोर आणि हिमालयाच्या मधे आल्या. प्रकाशनाच्या दिवशी लोक मुखपृष्ठाकडे फार वेळ पाहत राहिले. गुरुजी मला म्हणाले, "पाह्यलं? लोकं पाहून राहिले ना?" पाहत होते, खोटं नाही. आत कोणी गेलं नाही. बाहेरच सगळं पाहून झालं होतं.

टीव्हीचं कामही मी केलं. पांढुर्ण्यात एका केबलवाल्याचं स्वतःचं चॅनल होतं. रोज संध्याकाळी सात वाजता गावाच्या बातम्या. त्या बातम्यांआधी जे चाळीस सेकंद दाखवायचे, ते माझं. याला टीव्हीवाले मोंटाज म्हणतात. आधी पृथ्वी फिरायची. पृथ्वीतून रेल्वे स्टेशन निघायचं, स्टेशनातून कापसाची गाडी, गाडीतून संत्री वेचणारी एक बाई, आणि मग अक्षरं दोन्हीकडून उडत येऊन धाडकन एकमेकांवर आपटायची. नागपूरहून कोणीतरी तज्ज्ञ आला आणि मालकाला म्हणाला, एवढं लांब आता कोणी पाहत नाही, आठ सेकंदांत उरका. मालकानं उरकलं. दुसऱ्या दिवसापासून बायांचे फोन सुरू झाले. त्यातल्या एकीशी मीच बोललो. ती म्हणाली, "तुमचं ते वाजे तवा मी गॅस बंद करो, हात धुवो, पोराले उचलो अन् येऊन बसो. आता येतो तं पह्यली बातमी होऊन जाते." मालकानं चाळीस सेकंद परत लावले. म्हणजे मोंटाजचं महत्त्व हात धुण्याइतकं आहे. हे काही कमी नाही.

आता त्या संत्री वेचणाऱ्या बाईबद्दल सांगायला पाहिजे, कारण पुढं जे झालं ते तिच्यामुळेच झालं.

माझ्या कॉम्प्युटरमध्ये 'बाई वाकलेली' नावाची फाईल होती. डोक्यावर पदर, कमरेतून वाकलेली, तोंड दिसत नाही, हात खाली. एकदाच काढली होती. कष्टकऱ्यांवरच्या कविता आल्या की मी तिला बाहेर काढायचो. साडीचा रंग बदलायचो. चार पुस्तकांवर ती आहे. दोन पुस्तकांवर धान कापते, एकावर माती उचलते, एकावर काय करते ते मलाही माहीत नाही. लेखक दर वेळी म्हणाले, अगदी मनातली काढली. केबलच्या मोंटाजमध्ये मी तिच्या हाताखाली संत्री ठेवली होती.

संत्री झाडाला लागतात. हे मला माहीत होतं. आमच्या भागात जन्मलेल्या सगळ्यांनाच माहीत आहे. तरी ती बाई दोन वर्षं रोज सात वाजता जमिनीवरून संत्री वेचत होती आणि कोणी काही म्हटलं नाही. शेवटी लोधीखेड्याकडचा एक बागवाला मालकाकडे भांडायला आला. त्याचं म्हणणं असं, की तुम्ही आमच्या भागात फळगळ आहे असं दाखवून राहिले, बाहेरचा व्यापारी काय म्हणन? मी खालची संत्री काढून तिथं टोपली ठेवली. बाई तशीच वाकलेली राहिली. आता ती टोपलीत पाहत होती.

सुनंदा माझ्याकडे आली ती यानंतर पाच-सहा वर्षांनी. तोवर केबल बंद पडलं होतं. सुनंदा तहसीलीत बाबू आहे. दिवसभर हिंदीत नोटशीट लिहायची आणि घरी आली की मराठीत आपल्या आईवर लिहायची. आमची ओळख विहारातली. मला ती दादा म्हणते. तिची आई भागरताबाई मोहगावच्या पुढच्या एका खेड्यात राहते. जन्मभर दुसऱ्यांच्या वावरात रोजानं गेली. पुस्तकाचं नावच सुनंदानं 'रोजानं' ठेवलं होतं. एकशे साठ पानं, म्हणजे कणा असलेलं पुस्तक. मला आनंद झाला.

मी पुस्तक वाचलं नाही. हे आधीच कबूल करतो. आम्ही वाचत नाही, लेखकाला विचारतो. सुनंदा म्हणाली, कापूस वेचणाऱ्या बाईची गोष्ट आहे. मी फाईल उघडली. साडी मळकट केली. पदर फाडला. कॉम्प्युटरवर पदर फाडायला दोन मिनिटं लागतात. खाली भेगा पडलेली जमीन, मागं मावळता सूर्य. वाकलेल्या बाईच्या हातात बोंड दिलं. सुनंदानं पडद्यावर पाहिलं आणि तिचे डोळे भरून आले. "दादा, हेच," म्हणाली. नागपूरच्या पुस्तकविक्रेत्याला मोबाइलवर पाठवलं. त्याच्याकडून जोडलेल्या हातांची तीन चित्रं आली.

पुस्तक छापून आलं. अर्ध्या प्रती नागपूरला गेल्या. येत्या रविवारी सौंसरमध्ये प्रकाशन ठरलं, पत्रिका वाटून झाल्या. सोमवारी सुनंदानं सुट्टी घेतली आणि म्हणाली, पहिली प्रत आईच्या हातात देऊ, तुम्हीही चला. मला वाटलं, कौतुक होईल. मी पेढे घेतले.

भागरताबाई ओट्यावर बसून तुरीच्या शेंगा सोलत होती. सत्तरीच्या पुढची, लहानखुरी, पण बसली होती अशी, की पाठ भिंतीला लागत नव्हती. तिनं हात पदराला पुसले आणि पुस्तक घेतलं. तिला वाचता येत नाही. तिनं पुस्तक दूर धरलं, मग जवळ घेतलं.

"हे कोन हाय?"

"आई, तू आहेस," सुनंदा म्हणाली.

"मी?" तिनं पुन्हा पाहिलं. "हे काय करून राहिली?"

"कापूस वेचते ना मावशी," मी म्हटलं.

"कापूस?" तिनं माझ्याकडे पाहिलं. "भुईमूग उपटून राहिली हे. कापूस कमरेबरोबर असते बापा. चांगली जमीन असली तं छातीबरोबर असते. त्याले कोनी असं वाकते?"

ती उठली. अंगणात उतरली आणि उभी राहून दाखवलं. मान सरळ, नजर समोर, दोन्ही हात दोन बाजूंना चालतायत, बोंडातून ओढायचं आणि झोळीत. झोळी नव्हती, झाड नव्हतं. तरी मला कापूस दिसला. मग ती परत येऊन बसली.

"अन् लुगडं फाटलं हाय इचं."

"मावशी, ते गरिबी दाखवायला..."

"गरिबी माह्या घरी बी होती. सुई बी होती." तिनं पुस्तक फिरवून मागची बाजू पाहिली, पुन्हा पुढं आणली. "तोंड कुठी हाय?"

त्या बाईला मी तोंड काढलंच नव्हतं. तोंड काढलं असतं, तर चार पुस्तकांवर चाललं नसतं.

भागरताबाईनं पुस्तक सुनंदाच्या हातात ठेवलं. "चांगलं हाय पोरी. ज्या बाईचं हाय तिले देऊन ये."

"आई, रविवारी कार्यक्रम आहे. तू येशील ना?"

"मी येऊन काय करू? हे बाई येईन ना."

पेढे मात्र तिनं घेतले.

परतीला मोटारसायकलवर सुनंदा मागं बसली होती. माझी आई रामाकोन्याला तीस वर्षं कापूस वेचत होती. मी रस्ताभर तिला वाकलेली आठवून पाहिलं. आठवत नव्हती. आठवलं ते वेगळंच. आम्ही भाऊ-बहीण शाळा सुटली की तिला शोधत वावरात जायचो. पराटी, म्हणजे कापसाची झाडं, आमच्या डोक्याच्या वर. आत शिरलं की काही दिसायचं नाही. मग उडी मारून पाहायचं, आणि कापसाच्या वर आईचं डोकं दिसायचं. त्याच्या अंदाजानं जायचं. ती वाकलेली असती तर आम्ही हरवलो असतो.

मग मी ही बाई कुठून आणली? दुसऱ्या मुखपृष्ठांवरून. त्यांनी तिसऱ्या मुखपृष्ठांवरून आणली असेल. आमच्या धंद्यात असंच चालतं. कोणी वावरात जात नाही.

मंगळवारी सकाळी सुनंदाचा फोन आला. आवाज घाबरलेला.

"दादा, आई फोनवर म्हणून राहिली, वरचं असं हाय तं आतलं काय लिवलं असन. पूर्ण वाचून दाखव म्हणते."

"मग दाखव ना."

"तुम्ही वाचलं नाही ना पुस्तक?" ती म्हणाली. "आतमध्ये मी सगळं लिहिलं दादा. तिला विचारलं नव्हतं."

तिनं आणखी तीन दिवसांची सुट्टी टाकली. मंगळवारी दुपारी वाचलं, बुधवारी दुपारी वाचलं. आई शेंगा सोलत ऐकत होती. मधेच थांबवून सांगायची, तो बैल तांबडा नव्हता, काळा होता. पूर आला ते साल ते नव्हतं. सुनंदा पेन्सिलनं खूण करून घ्यायची. गुरुवारी सकाळी तिचा पुन्हा फोन. "आज तो धडा आहे. तुम्ही येऊन बसा. मला एकटीला वाचवणार नाही."

मी गेलो. ओट्यावर बसलो. सुनंदानं वाचायला सुरुवात केली आणि ते पुस्तक मी पहिल्यांदा ऐकलं.

सुनंदा सातवीत असतानाची गोष्ट. वह्या नव्हत्या. आई रोज कापूस वेचून निघताना दोन मुठी कापूस ओच्यात लपवून आणायची आणि गावच्या दुकानदाराला द्यायची. तो त्याच्या बदल्यात वही द्यायचा. एक दिवस वावराच्या फाटकावर मालकिणीनं तिला थांबवलं. ओचा सोडायला लावला. सगळ्या बायांसमोर कापूस जमिनीवर पडला. त्या हंगामात तिला कोणी कामावर बोलावलं नाही. इथपर्यंत सुनंदानं नीट वाचलं. पुढं असं होतं, की दुसऱ्या दिवशी शाळेत मुलींनी विचारलं, काल फाटकावर पकडली ते तुझी आई होय का? आणि सुनंदा म्हणाली, नाही.

एवढं वाचून सुनंदा थांबली. तिला पुढचं दिसत नव्हतं.

"वाच ना," भागरताबाई म्हणाली. हातातली शेंग तिनं सोलली.

सुनंदानं पदरानं डोळे पुसले आणि धडा पुरा केला. मी कुठं पाहावं ते मला कळत नव्हतं, म्हणून मी तुरीकडे पाहत होतो.

"दोन मुठी लिवलं तू," भागरताबाई म्हणाली. "चार होत्या."

"आई, तुला राग आला का?"

"काहून? चोरी केली होती मी. सगळ्या गावानं पाह्यली. तू नाई म्हनली, ते बी मले तवाच मालूम झालं होतं. पोरी घरी येऊन सांगून गेल्या." तिनं शेंगांचा ढीग जवळ ओढला. "पन फाटकावर मी वाकली नव्हती. ते बाई कापूस उचल म्हने. म्या नाई उचलला. तशीच उभी राह्यली. आतलं बराबर हाय पोरी. वरचं बदलव."

सुनंदानं तोंडात पदर कोंबला. ती रडत होती की हसत होती, सांगता येणार नाही.

रविवारला मधे दोनच दिवस उरले होते. मी म्हटलं, "मावशी, पुस्तकं तं छापून झाली. पण वरून एक कागदी कव्हर चढवता येते. त्याच्यावर तुमचं चित्र काढतो. अशाच बसा, आत्ता काढतो."

"तुमी नका काढू भाऊ," ती म्हणाली. "तुमच्या हातानं ते पुन्हा वाकन."

तिनं आतून पत्र्याची पेटी आणायला लावली. त्यात एक फोटो होता. नागपूरला दसऱ्याला दीक्षाभूमीवर जातात तेव्हा रस्त्याच्या कडेला फोटोवाले पडदे लावून बसतात, तिथं काढलेला. दोन बाया उभ्या. भागरताबाई आणि तिच्यासोबत वावरात जाणारी कौसल्याबाई. दोघींच्या अंगावर पांढरी लुगडी, निळा काठ. मागं पडद्यावर काश्मीरचं तळं, त्यात शिकारा आणि पाच बदकं. बाजूला प्लॅस्टिकच्या फुलांची कुंडी. दोघींनी हात अंगाला चिकटवले होते आणि फोटोवाल्याकडे अशा पाहत होत्या, जणू त्यानं काही उधार मागितलं होतं.

माझ्या धंद्याच्या हिशेबानं तो फोटो मुखपृष्ठाला नालायक होता. फ्लॅश तोंडावर आला होता. रंग उडाले होते. आणि रोजानं जाणाऱ्या बाईच्या मागं काश्मीर. मी हे सगळं समजावून सांगितलं. म्हटलं, मी तुम्हाला कापून घेतो, मागं कापसाचं वावर लावतो.

"कौसल्येले कापा," भागरताबाई म्हणाली. "ते पुस्तकात नाई. तळं राहू द्या."

"मावशी, तळ्याचा काय संबंध?"

"मी उभी होती त्याच्यासमोर."

मी इतकी वर्षं लोकांना समजावत आलो, की मुखपृष्ठावर काय शोभतं. बाई म्हणत होती, काय होतं.

शुक्रवारी मी फोटो साफ केला. कौसल्याबाईला काढलं, तिच्या जागी तळं भरलं, बदकं पाचच्या पाच ठेवली. शनिवारी सकाळी पांढुर्ण्याहून कव्हरं छापून आणली आणि दिवसभर मी, माझी बायको आणि सुनंदा घड्या घालत बसलो. नागपूरच्या विक्रेत्याला मोबाइलवर नवं चित्र पाठवलं. हात जोडलेले आले नाहीत. त्यानं फोन केला आणि विचारलं, हे काश्मीर ट्रिपवरचं पुस्तक आहे का? आमच्याकडच्या प्रती आहेत तशाच राहू द्या म्हणाला.

रविवारी भागरताबाई आली. तेच पांढरं लुगडं. पहिल्या रांगेत माझ्याशेजारी बसली. व्यासपीठावर नागपूरचे एक प्राध्यापक होते. त्यांनी पुस्तक वर करून दाखवलं आणि तळ्यावर पंधरा मिनिटं बोलले. हे तळं म्हणजे श्रमिक स्त्रीला नाकारलेलं सौंदर्य आहे, तिच्या स्वप्नांची निळाई आहे, वगैरे.

"काय म्हनून राहिले?" भागरताबाईनं विचारलं.

"तळ्याबद्दल बोलतात."

"त्या फोटोवाल्याजोळ ताजमहाल बी होता," ती म्हणाली. "तिथी लाइन लई होती."

सुनंदा बोलायला उभी राहिली तेव्हा ती फार थोडं बोलली. म्हणाली, सातवीत मला एक प्रश्न विचारला होता, त्याचं उत्तर मी तेव्हा चुकीचं दिलं. ही माझी आई आहे. आणि तिनं पुस्तक दोन्ही हातांनी वर धरलं. भागरताबाई बसल्या जागी आपल्या फोटोकडे पाहत होती. एकदा तिनं मला विचारलं, "बदकं किती दिसते इथून?" मी म्हटलं, पाच. तिनं मान हलवली.

संपादकांनी विचारलं आहे म्हणून पुढचं सांगतो. नागपुरात वाकलेल्या बाईच्या प्रती आधी संपल्या. दोन ठिकाणी परीक्षणं आली, त्यातल्या एकात मुखपृष्ठ बोलकं आहे असं लिहिलं. तळ्याच्या प्रती हळूहळू गेल्या. मोहगाव, रामाकोना, लोधीखेडा, जिथं सुनंदाचे ओळखीचे लोक होते तिथं. दुसरी आवृत्ती निघाली तेव्हा विक्रेता म्हणाला, पहिलंच ठेवा. सुनंदा नाही म्हणाली. त्यानं कमी प्रती घेतल्या. म्हणजे मुखपृष्ठानं फरक पडतो, हे खरं. चुकीच्या मुखपृष्ठानंही पडतो, हे जास्त खरं. आणि माझी ती बाई कोणाकोणाच्या कपाटात अजून भुईमूग उपटून राहिली आहे, त्याला आता माझा इलाज नाही. माझ्या आईचा फोटो नाही. तिला उभी काढायला दोन-तीनदा बसलो. हात जमतात, मान जमते. तोंडाशी आलं की थांबतो.

प्रकाशनानंतर महिनाभरानं बाजाराच्या दिवशी एक म्हातारी माझ्या खोलीत आली. कापडी पिशवी खाली ठेवली, खुर्चीवर बसली.

"मी कौसल्या," म्हणाली. "तुमी मले कापलं."

मी पाणी दिलं. म्हटलं, मावशी, राग मानू नका, पुस्तक भागरताबाईवर होतं.

"राग नाई. माझं बी एक करून द्या. माझा अर्धा फोटो तं हायच तुमच्याजोळ."

"पुस्तक करायचं? कोणी लिहिलं?"

"लिवते कोन? हे वरचं करून द्या."

मी तिला समजावलं, की वरचं नुसतं नसतं, आत काहीतरी लागतं. ती म्हणाली, लागन तं घाला काही. मी विचारलं, नाव काय टाकू? ती म्हणाली, माझं. मी म्हटलं, ते लेखकाच्या जागी आलं, पुस्तकाचं नाव काय? तिनं थोडा विचार केला. "तेबी माझंच टाका."

तिचा अर्धा फोटो माझ्याकडे होताच. तिच्या बाजूला तळं अर्धं होतं, बदकं दोन आली. तिसऱ्याची शेपटी दिसत होती, ती मी राहू दिली. आत दोनशे पानांचं कोरं रजिस्टर बांधलं. चांगला जाड कणा आला. कण्यावरही नाव छापलं.

पुढच्या बाजारी ती न्यायला आली. मुखपृष्ठ तिनं बराच वेळ पाहिलं, वरून हात फिरवला. मग पुस्तक उघडलं आणि एक-एक पान उलटत शेवटपर्यंत गेली. सगळं कोरं. मला वाटलं, आता काहीतरी म्हणेल.

तिनं पुस्तक मिटलं आणि पिशवीत भाजीच्या वर ठेवलं.

"चांगलं हाय," म्हणाली. "याच्यात काही चूक नाई निघत."